पाण्याचा ठाव आणि यंत्राची निवड

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचा तलाव आहे. त्याचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे, पण सर्वांत खोल जागी पाणी जेमतेम १३ मीटर आहे. जानेवारीत हा सगळा विस्तार गोठतो. बर्फावर लाकडी आणि कापडी झोपड्यांची तात्पुरती वस्ती उभी राहते. लोक बर्फाला वीतभर रुंदीची भोके पाडतात आणि त्यांतून गळ सोडून वॉलआय, यलो पर्च या माशांची वाट पाहतात. मे महिन्यात हीच माणसे होडी घेऊन त्याच माशांमागे निघतात. मिनियापोलिस परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा तलाव मोटारीने दीड-दोन तासांवर आहे.

दोन्ही ऋतूंत मासेमाराच्या हाताशी एक यंत्र असते. त्याला फिश फाइंडर, म्हणजे माशांचा माग काढणारे यंत्र म्हणतात. दुकानात मात्र या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू मांडलेल्या असतात. दीडशे डॉलरच्या आसपास मिळणारा लहान रंगीत पडदा असतो, तीन-चारशे डॉलरची गोल तबकडी असते आणि बॅटरी-पडद्यासह दोन हजार डॉलरांच्या पुढे जाणारी ‘लाइव्ह सोनार’ यंत्रणाही असते. किंमत वाढेल तसे मासे जास्त दिसतील, असे धरून ग्राहक निवड करतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे यंत्राचे काम समजल्याखेरीज ठरवता येत नाही.

फिश फाइंडरचे काम आवाजावर चालते. पाण्यात सोडलेल्या भागाला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो विजेचे कंपनांत आणि कंपनांचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. त्याच्यातल्या सिरॅमिक चकतीला विजेचा झटका मिळाला की ती थरथरते आणि माणसाला ऐकू न येणारा आवाजाचा एक आखूड ठोका पाण्यात जातो. हा ठोका तळावर, दगडावर, पाणवनस्पतींवर किंवा माशावर आपटून परततो. त्या प्रतिध्वनीने तीच चकती पुन्हा हलते. ठोका सुटल्यापासून तो परत येईपर्यंतचा वेळ मोजला की वस्तू किती अंतरावर आहे ते कळते.

गोठणबिंदूजवळच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४०० ते १,४२० मीटर जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. दहा मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा साधारण सत्तरावा भाग लागतो. म्हणून यंत्राला दर सेकंदाला अनेक ठोके सोडता येतात आणि पाण्याखालची हालचाल जवळजवळ घडते त्याच क्षणी टिपता येते.

आता प्रश्न असा की आवाज माशावरून परततो कसा? माशाचे मांस आणि पाणी यांच्या घनतेत फार फरक नसतो, त्यामुळे नुसत्या मांसातून आवाज बराचसा आरपार जातो. परतीचा आवाज येतो तो मुख्यतः वाताशयावरून. पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहण्यासाठी मासा ज्या पिशवीत वायू धरून ठेवतो, ती ही पिशवी. पाणी आणि हवा यांचा ध्वनिरोध एकमेकांपेक्षा सुमारे साडेतीन हजार पटींनी वेगळा असतो, म्हणून त्यांच्या सीमेवर आवाज जोराने उलटतो. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा या पिशवीचा असतो. शार्कला वाताशय नसतो, त्यामुळे एवढा मोठा प्राणी असूनही त्याची खूण आकाराच्या मानाने क्षीण उमटते.

आपल्या किनाऱ्यावर हाच अवयव वेगळ्या कारणाने माहीत आहे. घोळ माशाच्या वाताशयाला आपले मच्छीमार बोत म्हणतात. पूर्व आशियातल्या मागणीमुळे त्याला मांसापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका नौकेला घोळ माशांचा मोठा थवा मिळाला आणि त्याची विक्री कोटी रुपयांच्या पुढे गेली, ती बोतामुळेच. वाताशयाचा विषय या लेखात पुढे पुन्हा येणार आहे, कारण यंत्राला मासा दाखवणारी ही पिशवीच खोल पाण्यातल्या माशाच्या जिवावर उठते.

या तंत्राचा उगमही बर्फाशी जोडलेला आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाले आणि पाण्यातून आवाज सोडून हिमनग ओळखण्याच्या प्रयत्नांना वेग आला. १९१४ मध्ये संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात सुमारे तीन किलोमीटरवरचा हिमनग प्रतिध्वनीवरून हुडकून दाखवला. पुढे दोन महायुद्धांत पाणबुड्या शोधण्यासाठी हे शास्त्र वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये फुरुनो बंधूंनी खोली मोजण्याच्या यंत्रावर काम करून १९४८ मध्ये मच्छीमारांना रोजच्या कामात वापरता येईल असे पहिले फिश फाइंडर विक्रीला आणले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरन्स कंपनीने हिरव्या पेटीतले हलके यंत्र काढले आणि लहान होडीतल्या हौशी माणसालाही ते परवडू लागले.

त्या हिरव्या पेटीची रचना समजली की बर्फावरच्या आजच्या यंत्राची निवड सोपी होते. पेटीत एक चकती ठरावीक वेगाने फिरत असे आणि तिच्यावर एक छोटा निऑन दिवा बसवलेला असे. दिवा शून्याच्या खुणेवरून जाताना आवाजाचा ठोका सुटे. प्रतिध्वनी परत आला की दिवा क्षणभर उजळे. तेवढ्या वेळात चकती जितकी फिरली असेल, तितकी खोली तबकडीच्या कडेवर वाचता येई. या प्रकाराला फ्लॅशर म्हणतात.

फ्लॅशर आजही विकला जातो आणि मिनेसोटातल्या व्हेक्सिलार व मारकम या कंपन्यांची ओळख त्याच्यावरच उभी आहे. व्हेक्सिलारच्या तबकडीवर क्षीण प्रतिध्वनी हिरवा, मध्यम नारिंगी आणि जोरदार लाल दिसतो. तळ जाड लाल पट्ट्याने उमटतो. त्याच्या वर गळाला लावलेल्या जिगची, म्हणजे वजनदार आमिषाची, एक बारीक रेघ असते. मासा खाली पसरणाऱ्या आवाजाच्या झोताच्या कडेला शिरला की हिरवी रेघ येते आणि तो मध्याकडे सरकू लागला की ती लाल होत जाते. मासा आमिषाकडे वर चढला तर दोन रेघा एकमेकींजवळ येतात. तो थबकला, परत फिरला किंवा आमिष वर उचलताच मागे आला, हे सगळे त्याच क्षणी कळते. बर्फावर बसलेल्या माणसाला यातून माशाचा स्वभाव शिकता येतो, आणि आम्हाला या यंत्राचे सर्वांत मोठे मोल तेच वाटते.

दुसरा प्रकार आलेखाचा. त्यात पडदा उजवीकडून डावीकडे सरकत राहतो. उजव्या काठावर आत्ताचा प्रतिध्वनी असतो आणि डावीकडे गेलेल्या सेकंदांची नोंद. हा आडवा अक्ष वेळेचा आहे, अंतराचा नाही. नवख्या माणसाची इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पडद्यावर डावीकडे दिसणारा मासा होडीच्या डाव्या बाजूला आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो मासा मघाशी होडीखाली होता आणि आता कदाचित कुठेच नाही.

जाहिरातीत दिसणारी माशाची कमानही अशीच समजून घ्यावी लागते. होडी चालत असताना मासा झोताच्या कडेतून आत येतो, मध्यातून जातो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. कडेला असताना तो ट्रान्सड्यूसरपासून थोडा लांब असतो, मध्यावर सर्वांत जवळ असतो. या बदलत्या अंतरामुळे कमान उमटते. बर्फाखाली ट्रान्सड्यूसर हलत नाही. मासाही स्थिर असेल तर कमानीऐवजी सरळ आडवी रेघ दिसते. कमान नाही म्हणून मासा नाही, असे मानणारा माणूस भोकाखालचा थवा सोडून उठून जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोठलेला तलाव आणि मोकळे पाणी यांत माणूस यंत्राला दोन वेगळे प्रश्न विचारतो. बर्फावर तो एका जागी असतो आणि या भोकाखाली, माझ्या आमिषाजवळ, या घटकेला काय आहे एवढेच त्याला हवे असते. होडीत तो फिरत असतो. त्याला तळाचा चढउतार, बुडालेली झाडे, पाणवनस्पतींची कड आणि थव्याची जागा शोधायची असते, आणि सापडलेली जागा जीपीएसवर नोंदवून उद्या पुन्हा गाठायची असते. पहिल्या प्रश्नाला तत्परता लागते, दुसऱ्याला स्मरण आणि नकाशा.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्यावर अवलंबून असतात तो भाग पडदा नव्हे, ट्रान्सड्यूसर आहे. तरीही खरेदीच्या वेळी त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. त्यातून निघणारा आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली जाताना पसरतो. हा पसारा अंशांत सांगितला जातो. वीस अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर रुंदीचे वर्तुळ व्यापतो. नऊ अंशांचा झोत त्याच खोलीवर दीड मीटरच्या थोडे पुढे जातो. रुंद झोतात जास्त मासे येतात, हे खरे. पण ते भोकाच्या थेट खाली आहेत की दोन हात बाजूला, हे साधे यंत्र सांगू शकत नाही. त्याला फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही.

उतारावर ही मर्यादा अधिक गंभीर होते. तळ दर चार मीटरला एक मीटर उतरत असेल, तर दहा मीटर खोलीवर वीस अंशांच्या झोताच्या वरच्या आणि खालच्या कडेत जवळपास ९० सेंटिमीटरचा फरक पडतो. यंत्र सर्वांत आधी परतलेल्या जोरदार प्रतिध्वनीला तळ मानते, म्हणजे उताराचा वरचा भाग. त्याच्या पलीकडे खालच्या बाजूला तळाशी चिकटून उभा असलेला वॉलआय त्या लाल पट्ट्यात गडप होतो. नऊ अंशांच्या झोतात हाच फरक सुमारे ४० सेंटिमीटरवर येतो. वॉलआय तळालगत राहणारा मासा आहे, म्हणून खोल उतारावर त्याच्यासाठी बसणाऱ्याने अरुंद झोत घ्यावा. उथळ, सपाट जागी मात्र अरुंद झोत जवळपास निरुपयोगी ठरतो. तीन मीटर खोलीवर त्याचे वर्तुळ अर्ध्या मीटरच्याही आत येते आणि मासा कडेने निघून गेला तरी कळत नाही.

झोताशी आवाजाची वारंवारिता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, जोडलेली असते. ती किलोहर्ट्झमध्ये मोजतात. ट्रान्सड्यूसरची चकती तेवढीच ठेवून वारंवारिता वाढवली की झोत अरुंद होतो आणि बारकावे वाढतात, पण पाण्यात आवाज लवकर विरतो. गोड्या पाण्यातल्या तलावांसाठी २०० किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारिता सर्वसाधारण धरली जाते, कारण तिथे खोली कमी असते. मिल लॅक्सच्या १३ मीटरसाठी शेकडो मीटर खोलीची क्षमता सांगणाऱ्या यंत्राला जास्त पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही.

समुद्रात हिशेब बदलतो. खाऱ्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट या पट्ट्यातला आवाज शोषून घेते, त्यामुळे २०० किलोहर्ट्झचा ठोका गोड्या पाण्याच्या मानाने कितीतरी लवकर क्षीण होतो. म्हणून खोल समुद्रात जाणाऱ्या नौका ५० किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारिताही वापरतात. कोकणातल्या यांत्रिक नौकांवर आज फिश फाइंडर ही नवलाई राहिलेली नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून मासे मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळवते. त्या क्षेत्रात पोहोचल्यावर नौकेखाली नेमके किती वाव पाण्यात काय आहे, हे तांडेल आपल्या पडद्यावर पाहतो. घरगुती वापराचे गोड्या पाण्याचे यंत्र अमेरिकेतून आणून रत्नागिरीच्या समुद्रात वापरू पाहणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

बारकावा मोजण्याचे आणखी एक माप आहे. एकावर एक असलेल्या दोन वस्तू यंत्राला किती अंतरापर्यंत वेगळ्या ओळखता येतात, हे ते माप. आवाजाचा ठोका जितका लांबतो, तितक्या जवळच्या वस्तू एकमेकींत मिसळतात. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा ठोका पाण्यात सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या निम्मे, म्हणजे सात सेंटिमीटर, हे वेगळेपणाचे किमान अंतर ठरते. आमिषाला नाक लावून उभा असलेला पर्च वेगळा दिसायचा, तर हे अंतर याहून कमी लागते. चर्प नावाच्या पद्धतीत एका ठोक्यातच वारंवारिता खालून वर चढवत नेतात आणि परतलेल्या आवाजाचे गणित करून हे अंतर आणखी कमी करतात. मोकळ्या पाण्यासाठीच्या स्वस्त यंत्रांतही आता चर्प मिळते, आणि ती घेण्यासारखी गोष्ट आहे.

थंडीचा परिणाम खरेदीच्या वेळी कोणी फारसा सांगत नाही. शून्याखाली वीस अंशांत शिसे-आम्लाची बॅटरी आपल्या क्षमतेच्या जवळपास निम्मीच वीज देते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते आणि थंडीत अधिक टिकते, पण ती गोठणबिंदूखाली चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते. घरी आणून, ऊब आल्यावरच ती चार्जिंगला लावावी. कडाक्याच्या थंडीत एलसीडी पडदे मंदावतात. काठावरून पाण्यात फेकून मोबाइलवर चित्र दाखवणारी चेंडूच्या आकाराची यंत्रे उन्हाळ्यात धरणाच्या काठी सोयीची असली, तरी बर्फावर मोबाइलची बॅटरीच आधी मान टाकते.

इथे एक सुरक्षेची गोष्ट नोंदवायला हवी. स्वच्छ, बुडबुडे नसलेल्या बर्फावर थोडे पाणी ओतून ट्रान्सड्यूसर टेकवला, तर भोक न पाडताही खाली किती पाणी आहे ते कळते, कारण मधली हवा त्या पाण्याने निघून जाते. ही युक्ती श्रम वाचवते. पण बर्फ किती जाड आहे हे त्यातून कळत नाही. पायी चालण्यासाठी किमान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ असावा, असे मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. पांढरा, भुसभुशीत बर्फ त्याच्या निम्माच मजबूत धरतात. ती जाडी पहार मारून किंवा भोक पाडूनच मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत या साऱ्यात मोठी भर पडली ती लाइव्ह सोनारची. तिच्या ट्रान्सड्यूसरमध्ये एकाऐवजी अनेक लहान घटक असतात. त्यांना किंचित पुढेमागे ठोके देऊन झोताची दिशा विजेनेच वळवली जाते आणि त्यातून चलच्चित्र तयार होते. गार्मिनने २०१८ मध्ये लाइव्हस्कोप आणले, पाठोपाठ लॉरन्स आणि हमिनबर्ड यांचीही यंत्रे आली. साध्या यंत्राला न कळणारी दिशा या यंत्राला कळते. बर्फावर ते दांड्याला लावून भोकातून खाली सोडतात आणि हाताने फिरवतात. वीस-तीस मीटरवरचा थवा दिसला की तिकडे चालत जाऊन दुसरे भोक पाडतात. मासा येण्याची वाट पाहण्याचा जुना खेळ इथे माशाचा पाठलाग करण्याचा होतो.

या बदलावर अमेरिकेत तीव्र मतभेद आहेत. बास माशांच्या व्यावसायिक स्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी २०२५ पासून मर्यादा घातल्या. मेजर लीग फिशिंगने आपल्या प्रमुख मालिकेत दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात समोर पाहणाऱ्या सोनारला मुभा दिली. बी.ए.एस.एस.ने प्रमुख मालिकेत होडीवर असा एकच ट्रान्सड्यूसर ठेवण्याचा नियम केला. हे निर्णय खेळातल्या बरोबरीसाठी होते, माशांच्या संख्येसाठी नव्हे. साधन फार प्रभावी झाले की नियम बदलावे लागतात, हा अनुभव आपल्यालाही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तिथे मात्र प्रश्न पारंपरिक मच्छीमारांच्या पोटाचा होता आणि आहे, त्याची तुलना छंदाशी करता येणार नाही.

तलावातल्या माशांच्या दृष्टीने खरा प्रश्न खोलीचा आहे, आणि इथे वाताशयाकडे परत यावे लागते. दहा मीटर खोल पाण्यात एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला मासा झपाट्याने वर ओढला, तर त्याच्या वाताशयातला वायू जवळपास दुप्पट जागा मागू लागतो. ट्राउटसारख्या माशांत वाताशय आणि अन्ननलिका यांना जोडणारी नळी असते. ते तोंडावाटे वायू सोडू शकतात. वॉलआय, पर्च, क्रॅपी आणि ब्लूगिल यांच्यात प्रौढपणी ती नळी नसते. त्यांच्या वाताशयातला वायू रक्तावाटे हळूहळूच कमी होतो आणि त्याला तास लागतात, वर येण्याला मात्र काही सेकंद. मग डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकलले जाते, आतल्या रक्तवाहिन्या फुटतात.

असा मासा भोकातून परत सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटून तरंगत राहतो. काही मासे पोहत जाताना दिसतात आणि नंतर मरतात. पकडून सोडून देणे ही हौशी मासेमारांची चांगली सवय आहे आणि उथळ पाण्यात ती खरोखर मासे वाचवते. साधारण नऊ-दहा मीटरच्या खाली ती त्या माणसाच्या समाधानापुरती उरते.

अडचण अशी की नेमके याच खोल खड्ड्यांत हिवाळ्यात क्रॅपींचे थवे जमतात. बर्फाखाली पाण्याची उतरंड उलटी असते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी बसते आणि बर्फालगत शून्याजवळचे थंड पाणी राहते. तळाच्या थोडे वर, मोकळ्या पाण्यात लटकलेले हे थवे पूर्वी शोधायला पाच-पन्नास भोके पाडावी लागत. लाइव्ह सोनारवर ते एका फेरीत दिसतात. जिथे पकडलेला प्रत्येक मासा बहुधा मरणारच आहे, तिथे ते यंत्र माणसाला थेट नेऊन उभे करते.

हे सगळे समोर ठेवून आमचे मत असे आहे. नवख्याने लाइव्ह सोनार घेऊ नये. ज्याला बर्फावरच बसायचे आहे त्याने आपल्या तलावाची खोली आधी पाहावी. सहा-सात मीटरच्या आतल्या सपाट पाण्यासाठी वीस अंशांच्या आसपासचा आणि त्याहून खोल उतारासाठी नऊ ते बारा अंशांचा ट्रान्सड्यूसर असलेला फ्लॅशर घ्यावा. तो दहा वर्षे सहज काम देतो. ज्याला दोन्ही ऋतू साधायचे आहेत त्याने जीपीएस आणि फ्लॅशरचा पर्याय असलेला मध्यम आकाराचा पडदा एकदाच घ्यावा आणि उरलेले पैसे दोन ट्रान्सड्यूसरवर घालावेत. एक होडीच्या मागच्या फळीला लावायचा, दुसरा भोकातून दोरीने सरळ लोंबणारा. दोन्हींची जोडणी त्या पडद्याला बसते का, हे दुकानातच तपासून घ्यावे. शेजारी चार झोपड्या असतील तर एकाच वारंवारितेची यंत्रे एकमेकांत आवाज मिसळतात, म्हणून तो गोंगाट गाळणारे बटण आहे का तेही पाहावे. पडद्याच्या इंचांवर त्यानंतर विचार करायला हरकत नाही.

लाइव्ह सोनारवर सरसकट बंदी असावी, असे आम्हाला वाटत नाही. उथळ पाण्यात तिच्यातून माशांविषयी पुष्कळ शिकता येते. पण खोल थव्यांवर ती वापरणाऱ्याने पकडून सोडण्याचा आधार घेऊ नये. खाण्यापुरते मासे मिळाले की गळ गुंडाळावा, किंवा थवा तिथेच राहू देऊन किनाऱ्याच्या उथळ पाण्याकडे जावे. राज्यांनीही खोल खड्ड्यांच्या तलावांसाठी क्रॅपीची रोजची मर्यादा या यंत्रांचा विचार करून पुन्हा ठरवायला हवी.

कंपन्यांकडूनही एक अपेक्षा आहे. प्रत्येक यंत्राला आपल्याखाली किती पाणी आहे आणि मासा किती खोलीवर आहे, हे माहीत असते. उथळ पाण्याचा इशारा ती अनेक वर्षे देत आली आहेत, कारण त्यात होडीचा तळ वाचतो. त्याच सोयीत नऊ मीटरखालच्या माशांच्या खुणांना वेगळा रंग देणे आणि तिथून वर ओढलेला मासा सोडला तरी बहुधा जगत नाही, एवढे एक वाक्य पडद्यावर आणणे, हे सॉफ्टवेअरच्या एका सुधारणेचे काम आहे. येत्या हिवाळ्यापूर्वी ते व्हावे.